गुंजनची बांधी, रुखमाबाईचा गुंड

सानगडीत एखाद्या सुनेचं नाव गावभर व्हायचं तर तिनं पळून जावं लागतं, नाहीतर नवऱ्याला पळवून लावावं लागतं. पुंडलिकरावांच्या गुंजननं यातलं काहीच केलं नाही. तिनं कुकरमध्ये गुळाचं पाणी उकळलं, काचेच्या बाटल्यांत भरलं, बाटल्यांच्या तोंडाला कापसाचे बोळे लावले आणि देवघरावरच्या फळीवर त्या ओळीनं मांडून ठेवल्या. एवढ्यावर गावानं तिचं बारसं केलं. किडेवाली. हे नाव पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघालं ते मला माहीत आहे. पण ती बाई अजून धडधाकट आहे आणि तिच्या घरचा चहा फार चांगला असतो, म्हणून सांगत नाही.

गुंजन मूळची चिखल्याची. बाप लक्ष्मणराव खाणीतला मॅंगनीज ट्रकमध्ये भरून तुमसर रोडच्या स्टेशनावर पोचवायचा. त्या घरात पांढरी चादर कधी आलीच नाही, आणली असती तरी संध्याकाळपर्यंत राखाडी झाली असती. शाळेचा पांढरा ब्लाऊज घालून ही पोरगी सकाळी निघायची आणि परत येताना तिच्या कॉलरवर बापाच्या धंद्याचा शिक्का असायचा. तुमसरला कॉलेज केलं, मग नागपूरला जाऊन सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी केली. तिथे एकदा सरांनी फळ्यावर एक लांबट गोळा काढला आणि सांगितलं, की हा जिवाणू आहे आणि यालाही जगायला मॅंगनीज लागतं. वर्गात गुंजन एकटीच हसली. बाप ट्रक भरभरून वाहतो, आणि हा डोळ्याला न दिसणारा प्राणी त्याच मालाचा कण मागतो, तोही दारावर तपासून आत घेतो!

त्या दाराचाच तिनं पुढे अभ्यास केला. जिवाणूच्या कातडीतून फॉस्फेट आत कसा जातो, त्याच्याबरोबर कोणकोणते धातू जातात, कोणत्या वेळी कोणतं दार उघडतं. पीएचडीला नावही घातलं होतं. तेवढ्यात सानगडीहून पाहुणे आले.

पाहायच्या कार्यक्रमात लक्ष्मणरावांनी हात जोडून विचारलं, पोरीला पुढे शिकू द्याल ना. पुंडलिकराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "काहून नाही? आमच्या घरात कोनाच्या शिक्षणाले कोनी आडवं गेलं नाही." हे अक्षरशः खरं होतं. त्या घरात आडवं जावं एवढं शिक्षण कोणी घेतलंच नव्हतं. नवरामुलगा गोलू बारावीच्या दाराशी दोनदा जाऊन परत आला होता आणि तुमसरच्या एका राइस मिलमध्ये देखरेखीला होता. आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचा, आईच्या हातचं खायचा, झोपायचा आणि पुन्हा तुमसर. माणूस वाईट नाही. चांगला आहे असंही अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

लग्न झालं. पहिल्या वर्षी धानाची रोवणी, म्हणजे लावणी आली, म्हणून नागपूर राहिलं. दुसऱ्या वर्षी मोना पोटात होती. तिसऱ्या वर्षी मार्गदर्शक सरांचा फोन येणं बंद झालं. घरात कोणी तिला "नको जाऊ" म्हटलं नाही. फक्त जायच्या दिवशी दरवेळी काहीतरी निघायचं.

आता पुंडलिकरावांच्या बैलांकडे येतो. ट्रॅक्टरनं चिखल करायला लागल्यापासून बैल बसूनच खात होते, ते विकले गेले आणि घरामागचा कोठा रिकामा पडला. गुंजनला तो कोठा हवा होता. तिला त्यात जिवाणू खत तयार करायचं होतं. तिचं म्हणणं असं, की आपल्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, इतकी वर्षं डीएपी ओतली, त्यातला निम्म्याहून जास्त स्फुरद, म्हणजे फॉस्फेट, मातीला चिकटून पडला आहे. धानाच्या मुळाला तो घेता येत नाही. काही जिवाणू आंबट रस सोडून तो सोडवतात. असे जिवाणू वाढवायचे, पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, मुळं त्यांच्या पाण्यात बुडवून रोवायची, मग तेवढी डीएपीची थैली वाचते.

थैली वाचते, हे पुंडलिकरावांना ऐकवणं म्हणजे भजनी मंडळाच्या बुवाला टाळ वाचतात म्हणून सांगणं. डीएपीची टंचाई असते तेव्हा हा माणूस पहाटेपासून रांगेत उभा राहतो आणि थैली मिळाली की तिच्यावर बसून दुपारपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम करतो. तरी सून पहिल्यांदाच काही मागत होती. रस्त्याकडेची एक बांधी त्यांनी तिला नेमून दिली. "या बांधीत माही थैली पडनार नाही. तुहे जिवानू पडतीन. बाकीच्या बांध्यांसारखं पीक आलं, तं कोठा तुहा. नाही आलं, तं हा विषय पुन्हा या घरात निघनार नाही." हे ते चार माणसांत बोलले. चौथा मी होतो, म्हणजे संध्याकाळी गावभर झालंच.

तेव्हापासून गुंजनचं सगळं आयुष्य त्या कोठ्याच्या दारात उभं होतं. जायला दुसरीकडे जागा नव्हती. नागपूर बंद झालं होतं आणि चिखल्याला बाप आता ट्रकवरून उतरून खाटेवर बसला होता.

घरात तिच्या बाजूनं एकच माणूस होतं, आणि ते होतं सासू. सानगडीच्या इतिहासात असं फार वेळा घडलेलं नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. रुखमाबाई चौथीपर्यंत शिकलेली, पण सून काय करते ते शेजारी बसून पाहायची. बाटल्यांना देवघरावरची फळी तिनंच पुसून दिली. गूळ लागला की पुंडलिकरावांची पाठ फिरल्यावर डब्यातून काढून द्यायची. बाटलीतलं पाणी गढूळ झालं की आधी ती हाक मारायची, "अवो गुंजन, तुहे लेकरं वाढले बाप्पा."

उन्हाळ्यातल्या एका दुपारी दोघी ओसरीवर लाखोळी निवडत बसल्या होत्या. रुखमाबाईनं विचारलं, एवढासा जीव, त्याला तोंड नाही, तो खातो कुठून? गुंजनला कोणीतरी विचारलं याचाच केवढा आनंद. तिनं सुपातल्या दाण्यांवर सगळं मांडून दाखवलं. जिवाणूभोवती तेलकट कातडी असते, ती फॉस्फेटला ओलांडता येत नाही. कातडीत दारं असतात. एक दार ऐसपैस असतं, पण तिथून फॉस्फेट एकटा जात नाही. मॅग्नेशियम, मॅंगनीज, जस्त, असा एखादा धातू त्याला बिलगलेला लागतो, मग दोघं जोडीनं आत. फॉस्फेटचा दुष्काळ पडला की जिवाणू दुसरं, अरुंद दार उघडतो. तिथे फॉस्फेटला एकट्याला ओढून घेता येतं, पण त्याला ताकद मोजावी लागते.

रुखमाबाईनं हात थांबवून विचार केला. "म्हनजे पोरगी पहिल्यांदा सासरी जाते तं संगं पाठराखीन लागते. तसा त्याले धातू लागते."

गुंजन सुपावर हात मारून हसली. बरोबर, एकदम बरोबर, म्हणाली. कोणती पाठराखीण चालते आणि कोणती घरच बुडवते, हे त्या दिवशी सांगायचं राहून गेलं. ज्या दारातून जस्त जोडीनं आत येतं त्याच दारातून ते जास्त आलं की जिवाणू मरतो, हेही राहून गेलं. मोना उठून रडायला लागली होती.

त्या घरात एक तांब्याचा गुंड आहे, पाण्याचा, पोटानं चांगला मोठा. रुखमाबाईच्या माहेरचा, तिच्या आईच्या आईचा. रोवणीच्या पहिल्या दिवशी घरची मालकीण त्यात पाणी भरून डोक्यावर शेतात नेते, पऱ्ह्यांच्या पहिल्या पेंडीवर ओतते, आणि मगच बाया चिखलात पाय घालतात. एरवी त्या गुंडाला कोणी हात लावायचा नाही. आदल्या दिवशी रुखमाबाई तो चिंचेनं असा घासायची, की पुंडलिकरावांनी त्यात पाहून मिशी कातरावी.

त्या वर्षी गुंजननं बांधीपुरतं जिवाणूचं पाणी प्लास्टिकच्या लहान ड्रमात तयार केलं. गूळ घातला, बाटल्यांतलं विरजण घातलं, रात्रभर वाढू द्यायचं म्हणून झाकून ठेवलं, आणि उद्याच्या बाया पक्क्या करायला मोहल्ल्यात गेली. संध्याकाळची वेळ. रुखमाबाई नुकताच घासलेला गुंड घेऊन अंगणात बसली होती. समोर तो निळा ड्रम. त्यात पूर्वी भिंतीचा रंग आला होता, कडेला त्याचे ओघळ अजून होते. सुनेची लेकरं उद्या पहिल्यांदा शेतात जाणार आणि ती अशा भांड्यातून? शिवाय प्लास्टिकात धातू कुठला? तिनं तांब्या तांब्यानं सगळं पाणी गुंडात ओतलं, वर ओलं फडकं बांधलं, आणि ड्रम स्वच्छ धुऊन पालथा घातला. सकाळी गुंजन बायांच्या भाकऱ्या थापत होती तेव्हा तिला एवढंच सांगितलं, की ड्रमाचं मी पाहते, तू पोरीला घेऊन ये.

शेतात बाया धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, ओळीनं उभ्या होत्या, पदर खोचून, डोक्यावर प्लास्टिकच्या घोंगड्या घेऊन. रुखमाबाईनं डोक्यावरून गुंड उतरवला आणि फडकं सोडलं. पाण्याला निळसर झाक आली होती. गुंजन मोनाला कडेवर घेऊन तिथेच थबकली. रुखमाबाई तिच्या कानाशी गेली. नवरीची आई वरमाईला काही गुपित सांगते तशी हळूच म्हणाली, "रातभर तांब्यात ठेवलं. तू म्हनली होती ना, धातू पाह्यजे म्हनून."

हे मला मागाहून धुऱ्यावरच्या दोन बायांनी वेगवेगळं सांगितलं, आणि दोघींचं जुळलं. सानगडीत दोन बायांचं जुळलं म्हणजे ते खरं.

तांबं त्या कातडीतून नेमकं कुठून शिरतं याचा पुरता पत्ता शास्त्रज्ञांनाही लागलेला नाही, असं गुंजन सांगते. पण शिरलं की लग्नातल्या मेहुण्यासारखं वागतं. लोखंडासाठी राखलेल्या खुर्चीवर बसतं, दुसऱ्याच्या खुर्चीवर बसतं, आणि ज्याचं काम त्याला करू देत नाही. जिवाणूजवळ तांबं बाहेर फेकायचे पंप असतात. पण चहूबाजूनं तांबं, तेही चिंचेनं ताजं घासलेलं, आणि गुळाचं पाणी आंबून आंबून ते आणखी सुटत चाललेलं. बिचाऱ्यानं किती फेकावं?

गुंजनला हे एका नजरेत कळलं. फळीवर विरजणाची एक बाटली उरली होती. थोडे दिवस मिळाले तर पुन्हा पाणी तयार झालं असतं. ती सासऱ्याजवळ गेली.

"मामाजी, ही बांधी मागून रोवली तं चालन का?"

"काहून?"

गुंजननं वळून पाहिलं. रुखमाबाई गुंडाजवळ उभी होती, पेंडी हातात घेऊन, इतकी खूश की लग्नातल्या फोटोतही ती तशी दिसत नाही. साऱ्या गावात जिनं तिचा धडा ऐकून घेतला अशी ही एकच बाई होती.

"काही नाही," गुंजन म्हणाली.

"मंग? बाया काय पुन्हा भेटतीन? बुडव मुळं."

मुळं बुडवली, बांधी रोवली. रुखमाबाईनं शेवटचं पाणीही वाया जाऊ दिलं नाही, बांधीच्या कोपऱ्यात ओतलं.

पोळ्यापर्यंत बाकीच्या बांध्यांतल्या धानाला फुटवे फुटून हिरवी दाटी झाली. गुंजनच्या बांधीतलं धान खुजं, गडद, प्रत्येक रोप आपापल्या जागी फुगून बसलेलं. ती बांधी नेमकी रस्त्याकडेची, त्यामुळे साकोलीची गाडी पकडायला जाणाराही थांबून पाहून जायचा. किडेवालीचे किडे उपाशी आहेत वाटतं, असं कोणी म्हणे. कोणी म्हणे, किडे पीएचडीला गेले. मी काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण लोक हसले होते. गोलूला अचानक मिलमध्ये सुट्टीच्या दिवशीही काम निघू लागलं. पुंडलिकराव त्या बांधीवरून जाताना खाकरायचे. गुंजन रोज सकाळी धुऱ्यावर उकिडवी बसायची, एखादं रोप उपटून मूळ बोटांनी चोळायची, पुन्हा खोचायची. रुखमाबाई तिला धीर देत होती. "उशिरानं धरन पाह्य. लेकराईले नवी जागा आहे."

गुंजन त्यावरही काही बोलली नाही. तेव्हा सांगितलं असतं तरी चाललं असतं, असं आता सगळे म्हणतात. सगळ्यांना आता फार कळतं.

धान कापणीला आलं आणि कृषी सहायक धर्मेंद्र पाहणीला आला. चांगला पोरगा, जिवाणू खताच्या बाजूचा. त्याच्या मनात गुंजनची बाजू सावरायची होती, म्हणूनच त्यानं ओसरीवर, पुंडलिकरावांसमोर, दोनचार शेजाऱ्यांसमोर चौकशी सुरू केली. पाणी उन्हात राहिलं होतं का? खत मिसळलं होतं का? कशात ठेवलं होतं?

गुंजन म्हणाली, ड्रमात.

आतल्या दारातून रुखमाबाई पुढे झाली. सुनेची चूक दुरुस्त करावी तशी, कौतुकानं. "नाही जी. ते मंग म्या माह्या तांब्याच्या गुंडात ठेवलं होतं, रातभर. धातू लागते ना त्याईले."

धर्मेंद्र हसला. वाईट हेतूनं नाही. "अवो काकू, तांब्यात तं जिवाणू मरतात. म्हणूनच तांब्यातलं पाणी शुद्ध म्हणतात ना."

पुंडलिकरावांनी मिशीवरून हात फिरवला. रोज सकाळी ते तांब्याच्या भांड्यातलंच पाणी पितात आणि पोट साफ राहतं म्हणून गावाला सांगतात.

"म्हनजे तांब्यानं घान मरते, हे तं मलेही माहीत आहे," ते म्हणाले. "तीच घान तू माह्या बांधीत टाकून रायली होती का?"

शेजारी हसले. गुंजनला याचं उत्तर होतं, चांगलं लांबलचक उत्तर होतं, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. रुखमाबाई तिच्याकडे पाहत होती.

"तुले माहीत होतं?"

गुंजन पदर खोचू लागली.

"त्या दिवशी बांधीवर, म्या कानात सांगतलं तवा. तवा माहीत होतं?"

"हो, आई."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तुमाले वाईट वाटलं असतं."

रुखमाबाईनं मान हलवली. "म्हनजे चार महिने मी त्या बांधीले धीर देऊन रायली, अन तू पाहत रायली. अडानी म्हातारी बडबडते म्हनून."

गुंजन म्हणाली तसं नाही. पण कसं, ते तिला सांगता आलं नाही. जिवाणूच्या कातडीतली सगळी दारं जिला पाठ, तिला सासूच्या मनाचं एकही सापडलं नाही. ते तर आजवर सताड उघडंच होतं.

आता खरी गंमत ऐका. त्या रात्रीचं जेवण झाल्यावर पुंडलिकराव विरघळले होते. बायकोची चूक, सुनेची नाही, एक वर्ष आणखी देऊ, असं त्यांनी गोलूला फोनवर सांगितलंसुद्धा. नाही म्हणाली ती रुखमाबाई. विषय पुन्हा निघणार नाही असं चार माणसांत ठरलं होतं, ते ठरल्यासारखं होऊ द्या, म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं देवघरावरची फळी पुसली. विरजणाची बाटली तिनं फोडली नाही, ओतलीही नाही. नीट उचलून गुंजनच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर ठेवली.

कोठा शेवटी गुंजनला मिळाला. गोलूनं मिल सोडली आणि घरच्या घरी कृषी केंद्र काढायचं ठरवलं. खतविक्रीच्या परवान्याला शिक्षण लागतं, आणि ते या घरात एकीजवळच होतं. तिची बीएस्सी रसायनशास्त्राची. तिच्या प्रमाणपत्रावर परवाना आला. कोठ्याला रंग दिला, गव्हाणीच्या जागी फळ्या ठोकल्या, आणि डीएपीच्या थैल्या आढ्यापर्यंत रचल्या. तिची पदवी काचेच्या चौकटीत गल्ल्यावर टांगली आहे. पुंडलिकराव थैलीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवतात, आणि मनापासून म्हणतात, "म्हटलं होतं ना, कोठा तुहा." शब्दाला पक्का माणूस.

गुंजन गल्ल्यावर बसते. हिशेबाला चोख आहे. धानाला जस्त किती टाकायचं हे विचारायला लोक लांबून येतात, किडेवाली आता कोणी म्हणत नाही. मी एकदा मुद्दाम खोडी काढली. म्हटलं, सूनबाई, परवाना आहे, तर जिवाणू खताची पाकिटंही ठेवा की दोनचार. तिनं थैलीच्या शिवणीतला दोरा ओढत सांगितलं, "ठेवले तं आईच्या नजरेले पडतीन, बाबाजी."

यंदाच्या रोवणीला रुखमाबाईचे गुडघे धरले होते, म्हणून गुंडाचा मान सुनेकडे आला. आदल्या दिवशी गुंजननं तो चिंचेनं घासला, सासूपेक्षा लख्ख. सकाळी अंगणात बाया जमल्या होत्या. सून वळणावर आली, म्हणून एकमेकींना कोपर मारत होत्या. रुखमाबाईनं स्वतः गुंड भरला, दोन्ही हातांनी उचलून गुंजनच्या डोक्यावरच्या चुंबळीवर ठेवला, आणि हात काढायच्या आधी म्हणाली, "पानीच आहे. पाहून घे."

गुंजननं पाहिलं नाही. एका हातानं गुंड धरला आणि रस्त्याकडेच्या बांधीकडे चालू लागली.